आधी मत, उशिरा निकाल

२६ एप्रिल २०२४ रोजी, शुक्रवारी, सकाळी सात वाजायच्या आत माझी माय परतवाड्यातल्या आमच्या मतदान केंद्रापुढे रांगेत उभी होती. तिच्या पुढे वस्तीतल्याच दोन बाया होत्या, मागे आरागिरणीवर जाणारी चार-पाच माणसे. घरून निघताना मी चहाचे नाव काढले, तर ती म्हणाली, "पयले मत, मंग चहा. तुले यायचं असन तं ये, नाई तं मी जातो." सव्वासातला बोटाला शाई लावून ती घरी परत आली आणि मग तिने चूल पेटवली. निकाल लागायचा होता ४ जूनला. मध्ये ३९ दिवस होते.

त्याच संध्याकाळी माझा एक विद्यार्थी घरी आला. तो अर्धवेळ मजुरी करतो आणि बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने विचारले, "सर, आपण तर मत देऊन मोकळे झालो. आता चाळीस दिवस आपण करायचं काय?" मी इतिहास शिकवतो, पण या साध्या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. नंतर विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की आधी मत देणे आणि निकालाची वाट पाहत बसणे याला आपल्या समाजाच्या बाबतीत शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास नीट मांडला तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघेल, असे मला वाटते.

(१)

प्रथम आपल्या वऱ्हाडाचेच पाहू. अचलपूर विधानसभा क्षेत्र अमरावती लोकसभा मतदारसंघात येते. हा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्या वर्षी येथे मतदान झाले १६ एप्रिलला आणि निकाल लागला १६ मे रोजी, म्हणजे ३० दिवसांनी. २०१४ साली मतदान १० एप्रिलला, निकाल १६ मे रोजी, ३६ दिवस. २०१९ साली मतदान १८ एप्रिलला, निकाल २३ मे रोजी, ३५ दिवस. २०२४ साली ३९ दिवस. चारही वेळा अमरावती आणि अकोला यांचे मतदान पहिल्या तीन टप्प्यांतच उरकले आणि देशातल्या मोठ्या भागाचे त्यानंतर झाले.

टप्पे का करावे लागतात, याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. देश मोठा, पोलीस दल मर्यादित. ते एका भागातून दुसऱ्या भागात हलवावे लागते. शेवटच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत मतदारांच्या कौलाचे अंदाज प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. प्रश्न टप्प्यांच्या शासकीय सोयीचा नाही. प्रश्न असा की, ज्याने आधी मत दिले त्याच्या हातात उरलेले दिवस काय असते?

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीच्या तोंडाशी बांधलेला मांडव सुटला. महिनाभर घराघरांत येऊन मायच्या पाया पडणारी माणसे दिसेनाशी झाली. नेत्यांच्या सभा पुढच्या टप्प्यांच्या जिल्ह्यांत सुरू झाल्या आणि त्या सभांतली भाषाही बदलत गेली. इथे जे बोलले ते तिथे बोलले नाही. तिथे जे बोलले ते इथे आधी बोलले असते तर कदाचित कोणी वेगळा विचार केला असता. पण आमचे मत यंत्रात बंद झाले होते. ज्याच्याजवळ आता मत उरले नाही त्याच्या दाराशी कोण येणार? आमच्या वस्तीने त्या दिवसांत लग्ने केली, २३ मे रोजी बुद्धपौर्णिमा साजरी केली, उन्हाळा काढला. निकालाचा विषय निघाला की म्हातारी माणसे म्हणत, "लागन तवा लागन."

या तीन शब्दांत फार जुनी सवय आहे. ती कोठून आली?

(२)

मताची वाट पाहण्याआधी आपल्याला मताच्या हक्काची वाट पाहावी लागली. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली. त्या वेळी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय २७ वर्षांचे होते. कोणाला मत द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे ठरवण्यासाठी ती समिती नेमलेली होती. बाबासाहेबांनी तिच्यापुढे मांडलेला मुद्दा असा होता की, मताचा हक्क मालमत्तेवर ठरवला तर ज्यांना मालमत्ता करूच दिली नाही ते कायमचे बाहेर राहतील. म्हणून अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व द्या आणि त्यांच्यासाठी मताधिकाराची पात्रता खाली आणा. ते मान्य झाले नाही. १९१९ च्या कायद्याने जो मताधिकार दिला तो जमीनसारा, कर आणि घरभाडे भरणाऱ्यांचा होता. महारवाड्यात असा माणूस शोधावाच लागे.

म्हणून त्या काळात आपले प्रतिनिधी निवडून येत नसत, नेमले जात. वऱ्हाडातले ग. आ. गवई मध्यप्रांताच्या कायदेमंडळात गेले ते सरकारच्या नेमणुकीने. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की नेमणुकीत मत नसते, म्हणून वाट पाहणेही नसते. वरून कागद येतो आणि खाली तो वाचून दाखवला जातो.

सायमन कमिशनपुढे १९२८ साली बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. तेव्हा शिकलेल्या पुढाऱ्यांतही असे म्हणणारे पुष्कळ होते की निरक्षर माणसाला मत कळत नाही. बाबासाहेबांची भूमिका याच्या अगदी उलट होती. निरक्षर माणसाला आपले हित-अहित कळते, आणि मताचा वापर करूनच राजकारणाचे शिक्षण होते, असे ते मानत. आज हे सर्वांना मान्य आहे असे आपण समजतो. परंतु "या लोकांना काय कळते, पाचशे रुपयांत मत विकतात," हे वाक्य आपण अजूनही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकतोच. १९२८ चा वाद संपला असे कोणी समजू नये.

(३)

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराबद्दल आपल्या नियतकालिकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्या जागी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्यांपैकी २० मध्यप्रांताच्या होत्या. येथे मला त्या करारातल्या एका तरतुदीकडे लक्ष वेधायचे आहे. तिची चर्चा तुलनेने कमी होते.

करारात दोन निवडणुका होत्या. आधी प्राथमिक निवडणूक. तीत मतदारयादीतल्या अस्पृश्य मतदारांनीच मत द्यायचे आणि प्रत्येक राखीव जागेसाठी चार उमेदवार निवडायचे. त्यानंतर अंतिम निवडणूक. तीत त्या चारांतून एक निवडायचा. पण या वेळी मत द्यायचे ते सर्व मतदारांनी, म्हणजे प्रामुख्याने सवर्णांनी. अस्पृश्यांच्या पहिल्या पसंतीचा उमेदवार आणि त्यांच्या चौथ्या पसंतीचा उमेदवार हे दोघे अंतिम निवडणुकीत एकाच पायरीवर उभे राहत. चौथा आला असला तरी इतरांना तो सोयीचा वाटला तर तोच आमदार.

आपण आधी मत द्यायचे आणि मग दुसरे काय ठरवतात याची वाट पाहायची, हा प्रकार कायद्याच्या भाषेत लिहिला गेला तो असा. १९४५ च्या अखेरीस आणि १९४६ च्या आरंभी झालेल्या निवडणुकांत त्याचे फळ दिसले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला स्थापन झालेली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन त्या निवडणुकांत उतरली होती. चारांहून अधिक उमेदवार असतील तेथेच प्राथमिक निवडणूक होई, त्यामुळे ती थोड्याच जागांवर झाली. जेथे झाली तेथील आकडे पुढे ठेवून बाबासाहेबांनी ब्रिटिश सरकारला दाखवून दिले की, अस्पृश्यांच्या स्वतःच्या मतात फेडरेशनचा उमेदवार पुढे असतो आणि सर्वांच्या मतात तोच मागे पडतो. प्रांतिक कायदेमंडळांत फेडरेशनच्या वाट्याला सर्व देशात दोनच जागा आल्या. एक बंगालमध्ये, एक आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात. ज्यांनी पुढे घटनेचा मसुदा घडवला त्या बाबासाहेबांना घटना समितीत जायला मुंबईतून वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मतांवर ते १९४६ साली बंगालमधून निवडून गेले.

"लागन तवा लागन" या शब्दांमागे हा अनुभव आहे. निकाल आपल्या मताने लागत नाही, तो दुसऱ्यांच्या मताने लागतो, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिले आणि पुढच्या पिढीला न सांगता शिकवले.

(४)

घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. या निवडणुकीत सर्वांत आधी मत कोणी दिले? हिमाचलातल्या चिनी या दुर्गम भागातल्या लोकांनी. बर्फ पडले की तिथले रस्ते बंद होतात, म्हणून त्यांचे मतदान २५ ऑक्टोबरलाच उरकले. तेथील श्याम सरन नेगी नावाचे शाळामास्तर स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जातात. त्यांना दुसऱ्या गावी निवडणुकीच्या कामावर जायचे होते, म्हणून त्यांनी भल्या सकाळीच मत दिले. देशाच्या बहुतेक भागाचे मतदान व्हायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडले. याच नेगींनी २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, विधानसभेसाठी घरून टपाली मत दिले आणि ५ नोव्हेंबरला ते वारले. त्या निवडणुकीचा निकाल ८ डिसेंबरला लागला. आपल्या शेवटच्या मताचे काय झाले हे त्यांना कळले नाही. तरी त्यांनी ते दिले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. मतदारांत शंभरातले सुमारे ८५ निरक्षर होते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली जाई आणि तिच्यावर चिन्हाचे चित्र चिकटवलेले असे. फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. कागदावर खूण करायची नसे. कागद पेटीत टाकला की मत झाले. देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नावे यादीत ठेवायला नकार दिला. हक्क मिळाला तरी नाव नसेल तर तो वापरता येत नाही, हा त्यातला धडा आहे.

त्या निवडणुकीतला मुंबई उत्तर मतदारसंघाचा निकाल आपल्या समाजाला आजही सलतो. तो द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. ३ जानेवारी १९५२ ला मतदान झाले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी निवडून आले. याच निवडणुकीत ७४ हजारांवर मते बाद झाली. ही मते बाद का झाली, हे समजून घेतले पाहिजे. १९३७ साली मुंबई प्रांतात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती, आणि त्या जोरावर स्वतंत्र मजूर पक्षाने आपले उमेदवार निवडून आणले होते. १९५२ साली नियम बदलला. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. दोन्ही एकालाच दिली तर एक मत फुकट. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि बाबासाहेब यांची त्या वेळी युती होती. दुसरे मत 'कुजवा' असा प्रचार त्या निवडणुकीत झाल्याची तक्रार करून दोघांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तीच द्विसदस्य पद्धत होती. अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब पडले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले. युतीतला एक जिंकतो आणि दुसरा हरतो, याचा अर्थ आपल्या माणसांना समजावून सांगावा लागला नाही. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ साली कायद्याने रद्द झाले. परंतु आमचे मत इतरांना पोचते आणि इतरांचे आम्हांपर्यंत पोचत नाही, ही गाठ कायद्याने सुटणारी नव्हती.

(५)

ही गाठ एकदा सुटलेली मी पाहिली आहे, आणि तो प्रसंग आमच्या घरात दोन कारणांनी लक्षात राहिला.

१९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मी दहा वर्षांचा होतो. अमरावतीतून रा. सु. गवई उभे होते, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरहून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चौघेही सर्वसाधारण मतदारसंघातून, काँग्रेसशी समझोता करून. मतदानाच्या दिवशी माय नेहमीसारखी कामावर गेली. बाबा आरागिरणीत हमाल होते, त्यांना सुटी मिळाली नव्हती. तेव्हा मजुरी सोडून मत द्यायला जाणे परवडत नसे. काम आटोपून मग मत, असा क्रम होता. चार वाजता माय केंद्रावर पोचली. आत बसलेल्या माणसाने यादी पाहिली आणि सांगितले, "बाई, तुमचं मत होऊन गेलं." तिने बोट दाखवले, बोटावर शाई नव्हती. तो म्हणाला, "आता काही होत नाही." ती परत आली. मी ओट्यावर बसलो होतो. मायला रडताना मी फारदा पाहिले नव्हते.

कायद्यात यावर उपाय होता आणि आजही आहे. ज्याच्या नावावर दुसऱ्याने मत दिले असेल त्याला ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागता येते. ते मत वेगळ्या पाकिटात बंद होते. मतमोजणीत ते धरत नाहीत. पण निवडणूक अर्ज झाला आणि फरक थोडा असला तर न्यायालय ते उघडू शकते, आणि मुख्य म्हणजे चोरी झाल्याची नोंद राहते. हे मला नंतर अनेक वर्षांनी, मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम करताना समजले. त्या दिवशी मायला ते कोणी सांगितले नाही. आमच्या बाजूने आत बसलेला प्रतिनिधीही नव्हता, जो म्हणाला असता की ही बाई सकाळपासून इकडे आलेली नाही.

मार्चमध्ये निकाल लागला. गवई निवडून आले. चौघेही निवडून आले. वस्तीत रात्रभर ढोल वाजले, गुलाल उधळला. सर्वसाधारण जागेवरून आपला माणूस दिल्लीला जातो, म्हणजे इतर समाजांची मते आपल्याकडे वळली, हे त्या रात्री निरक्षर माणसांनाही समजले होते. अकोल्यात तर त्याआधीच दलित आणि ओबीसी यांना एकत्र आणण्याचे काम झाले होते. बाबा नाचत होते. माय मात्र दारात उभी होती. म्हणाली, "निवडून आला, बरं झालं. पण माह्या मताबिगर आला."

हे वाक्य मी विसरलो नाही. विजय झाला तरी ज्याचे मत चोरले गेले त्याचा तो पुरता विजय नसतो. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत माय सकाळी सातच्या आत रांगेत असते. लोकांना वाटते, हौस आहे. ती हौस नव्हे. आपले मत दुसऱ्याने देण्याआधी आपण द्यावे, हा तिने स्वतःच्या अनुभवावरून काढलेला नियम आहे. आमच्या वस्तीतली रांग सकाळी लांब असते आणि दुपारी ओसरते, याचे कारण पुष्कळ घरांत अशी एखादी गोष्ट आहे.

(६)

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. मत देऊन झाले. चाळीस दिवस काय करायचे?

इतिहास सांगतो की मत देणे आणि मत मोजणे यांच्यामधल्या वेळात आपण नेहमी बाहेर उभे राहिलो. १९४६ साली प्राथमिक आणि अंतिम निवडणुकीच्या मध्ये बाहेर होतो, १९५२ साली बाद मतांचा हिशेब होताना बाहेर होतो, १९९८ साली आमच्या केंद्रावर यादीवर खूण होताना बाहेर होतो. म्हणून आपण "लागन तवा लागन" म्हणायला शिकलो. ही सवय मोडायची असेल तर त्या मधल्या वेळात आत कसे जायचे ते शिकले पाहिजे. त्याची दारे कायद्यात आहेत.

मतदान सुरू होण्याआधी दीड तास यंत्राची चाचणी होते, तीत किमान ५० मते टाकून ती मोजून दाखवतात. त्या वेळी उमेदवाराचा प्रतिनिधी तेथे हजर राहू शकतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सी नमुना भरतो. त्या केंद्रावर एकूण किती मते पडली आणि यंत्राचे क्रमांक कोणते, हे त्यात असते. आणि त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रतिनिधीला मिळते. यंत्रे ज्या खोलीत ठेवतात त्या खोलीच्या कुलपावर उमेदवाराच्या माणसांना आपले सील लावता येते आणि बाहेर पहारा देता येतो. मतमोजणीच्या टेबलावर आपला माणूस बसू शकतो आणि १७-सी वरचा आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहू शकतो. मी दोन निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. दोन्ही वेळा मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी शेवटपर्यंत बसले आणि प्रत घेऊन गेले. आपल्या चळवळीतल्या पक्षाचा मुलगा एकदा आलाच नाही आणि दुसऱ्यांदा पाच वाजता निघून गेला. त्याचा दोष नाही. त्या कागदाचे मोल त्याला कोणी सांगितले नव्हते.

२०२४ साली हा कागद देशभर चर्चेत आला. पहिल्या दोन टप्प्यांतल्या मतदानाच्या टक्केवारीचे अंतिम आकडे निवडणूक आयोगाने ३० एप्रिलला जाहीर केले; त्यांपैकी पहिल्या टप्प्याचे मतदान ११ दिवसांपूर्वी झाले होते. त्यावर शंका घेतल्या गेल्या, न्यायालयात अर्ज झाले. प्रत्यक्ष पडलेल्या मतांची संख्या आयोगाने २५ मे रोजी प्रसिद्ध केली. आमच्या मतदानाच्या दिवशीच, २६ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली; मात्र हरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना काही यंत्रांची तपासणी मागण्याची वाट ठेवली. यंत्राविषयी आपल्या कार्यकर्त्यांत तीव्र मते आहेत. असोत. पण रस्त्यावर यंत्राविरुद्ध घोषणा देणारा कार्यकर्ता आपल्या केंद्रावरची १७-सी ची प्रत घेऊन येत नसेल, तर त्याची शंका न्यायालयात उभी राहणार कशाच्या आधारावर?

४ जून २०२४ ला अमरावतीचा निकाल लागला. काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले. मतदारसंघात केंद्रे सुमारे दोन हजार; म्हणजे दर केंद्रामागे साधारण दहा मतांचा फरक. मायला मी हे हिशेब करून सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे आमच्या रांगेतल्या बायाच झाल्या की." तिने एका वाक्यात ते सांगितले जे मी तासभर वर्गात सांगतो.

पण कायद्याची दारे उघडली म्हणजे सगळे झाले असे मी म्हणत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व मान्य करणार आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारत राहणार. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. मायचे मत आणि आरागिरणीच्या मालकाचे मत यंत्रात सारखे मोजले जाते. यंत्राबाहेर ती दोघे सारखी नाहीत. मालकाला निकालाची वाट पाहावी लागत नाही. कोणीही निवडून आला तरी तो त्याच्या घरी जातो. वाट पाहणे हे ज्याच्याकडे मताशिवाय दुसरे काही नाही त्याच्याच वाट्याला येते. म्हणून मताचा पहारा आणि मताबाहेरचा संघर्ष ही दोन कामे वेगळी करता येणार नाहीत. मजुरीचा दर, शिष्यवृत्ती, घराखालच्या जागेचा पट्टा यांसाठी जी वस्ती उरलेली पाच वर्षे एकत्र उभी राहते, तिच्याच मताला इतर समाजांतले कष्टकरी येऊन मिळतात. १९९८ ने तेच शिकवले आणि त्यानंतरच्या फाटाफुटीने त्याची किंमत शिकवली.

त्या वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि निकाल २३ ला लागला, तीनच दिवसांत. माय म्हणाली, "एवढ्या लवकर कसा काय?" तिला लांब वाट पाहायची सवय झालेली. तो विद्यार्थी त्या दिवशी एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर झाला आणि संध्याकाळी यंत्र सील होईपर्यंत बसला. रात्री नऊला तो आमच्या घरी आला. खिशातून घडी केलेली १७-सी ची प्रत काढून त्याने मायपुढे ठेवली. मायला वाचता येत नाही. तिने त्यातला एकूण मतांचा आकडा त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "याच्यात माहं हाय ना?" तो म्हणाला, "हाय, माय. मी तवा तिथंच होतो."

त्याचा उमेदवार पडला. प्रत त्याने जपून ठेवली आहे. पुढच्या वेळी आमच्या वस्तीच्या प्रत्येक केंद्रावर असा एक मुलगा किंवा मुलगी बसवायची, असे आम्ही ठरवले आहे. त्यांना शिकवण्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही विहारात बसतो. आपापल्या गावी, आपापल्या वस्तीत हे काम हाती घ्यावे, अशी हा लेख वाचणाऱ्या शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना विनंती आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण त्या मधल्या काळात आपले मत कोठे आहे आणि त्याच्याजवळ आपले कोण उभे आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.